एर्सिरा खरंच आजारी पडली तेव्हा

आमच्या बालगृहात मुलं टिकतात, मावश्या टिकत नाहीत. मुलांना जायला दुसरी जागा नसते म्हणून ती राहतात. त्यांना सांभाळायला येणाऱ्या बायकांना मात्र जागाच जागा असतात. कुणी एक हिवाळा काढते, कुणी पहिला पगार हातात पडला की दिसेनाशी होते, आणि एक तर अशी आली होती की तिनं दुपारच्या जेवणाचीही वाट पाहिली नाही. एप्रन खुंटीला अडकवला, 'दुकानातून येते' म्हणाली आणि आमच्या अंकुद गावच्या स्टँडवरून मिळेल ती बस पकडून गेली.

बहुतेक जणी सामन माशांच्या कारखान्यात जातात. तिथे दिवसभर पांढरे गमबूट घालून उभं राहायचं, हात गारठतात, अंगाचा वास धुतला तरी जात नाही. पण मासा तुम्हाला चावत नाही. 'तू कोण मला सांगणारी, तू माझी आई आहेस का?' असं मासा विचारत नाही. वर पगार जास्त. मी कुणाला नावं ठेवणार नाही असं म्हणते आणि ठेवतेच. माझं तोंड फटकळ आहे हे सगळ्या चिलोए बेटाला माहीत आहे.

एर्सिरा बार्रिया तेवढी टिकली, आणि तिच्या मागोमाग मी. चर्चच्या सिस्टर्स बालगृह चालवायच्या तेव्हापासून ती इथे होती. सिस्टर्स गेल्या, सरकारी माणसं आली, भिंतींचे रंग बदलले, तरी एर्सिरा आपली तिथेच, लाकडाच्या चुलीपाशी. बुटकी, रुंद, पोरं कडेवर घेऊन घेऊन एक खांदा उतरलेला. हातात कायम लोकर आणि सुया. एकदा एका पोरानं रागाच्या भरात सूपाचं अख्खं पातेलं तिच्या पायाशी आपटलं. एर्सिरानं पायावरचा बटाटा उचलला, चाखला आणि विचारलं, "मीठ कमी होतं का रे?" पोरगं आधी हसलं, मग ओक्साबोक्शी रडलं, मग फडकं घेऊन तिच्याबरोबर जमीन पुसायला बसलं.

ती रडायची नाही असं नव्हे. लाकडाच्या खोपीत जाऊन रडायची. रिकाम्या हातानं बाहेर येणं बरं दिसत नाही म्हणून येताना दोन ओंडके घेऊन यायची. आमच्याकडे चुलीला लाकूड कधी कमी पडलं नाही.

सोडून जाणाऱ्या मावशीनं मुलांचा निरोप घ्यायचा नाही, असा आमच्याकडे नियम होता. पूर्वी एकदा एक जण निरोप घ्यायला गेली. पोरांनी तिच्या पायांना मिठ्या मारल्या, खिडक्यांच्या काचा फुटल्या, एकाच्या हाताला टाके पडले. तेव्हापासून ठरलं की पाळी संपली की गुपचूप निघायचं. दुसऱ्या दिवशी पोरं विचारणार, आणि ज्या मावशीची पाळी असेल तिनं काय ते निभावून न्यायचं.

हे निभावण्याचं काम एर्सिरानं आपणहून अंगावर घेतलं. मारिसोल गेली तेव्हाचं मला चांगलं आठवतं. मारिसोल तरुण होती, गोड गळ्याची होती, आणि पोरं तिच्यावर जीव टाकायची. ती कारखान्यात रुजू झाली, त्याच दिवशी चहा-पावाच्या वेळेला सगळी एर्सिराभोवती जमली.

"मारिसोल मावशी कुठाय?"

"आजारी आहे रे. छातीत कफ झालाय. पुएर्तो मोन्तला बहिणीकडे गेलीये."

"कधी येणार?"

"बरी झाली की येईल. तुमची आठवण काढत होती."

पुढच्या आठवड्यात लोकरीचे मोजे आले. "मारिसोलनं पाठवलेत, बघ, अगदी तुझ्या मापाचे." मोजे एर्सिराचेच, तिनंच घरी बसून विणलेले. मावशी बदलली की आजार बदलायचा, मोज्यांचा रंग बदलायचा. कुणाला कफ, कुणाची कंबर, कुणाची म्हातारी आई. पोरं मोजे पायात घालून सुखानं झोपायची. काही महिन्यांनी नवी मावशी आली की जुनी आपोआप विस्मरणात जायची. बहुतेकांच्या तरी.

माझं यावरून तिच्याशी वाजायचं. मिल्काओच्या पोळ्यांसाठी बटाटे किसता किसता मी एकदा म्हटलं, "अगं, मारिसोल काल बाजारात दिसली मला. घोडीसारखी ठणठणीत आहे."

"तू पोरांना सांगू नकोस म्हणजे झालं."

"आणि उद्या त्यांना कळलं म्हणजे?"

"कळेल तेव्हा मोठी झालेली असतील."

"तू भलतीच शहाणी!"

तिनं किसणी खाली ठेवली. चिडली नव्हती, पण हात थांबले म्हणजे ती काहीतरी मनातलं बोलणार हे मला ठाऊक होतं. "माझे वडील दूर दक्षिणेला पातागोनियात मेंढ्या कातरायला गेले ते गेलेच," ती म्हणाली. "आई सांगायची, तिकडे आजारी पडलेत, बरे झाले की येतील. सणाला मला नवा झगा मिळायचा, बाबांनी पाठवला म्हणून. पंधराव्या वर्षी मावसभावानं सांगितलं की बाबांनी तिकडे दुसरं घर केलंय. पण एदिता, तोवर मी बापाची लेक होते. शेजारच्या पोरी पोरक्या होत्या, मी नव्हते. ती वर्षं मी आता कुणाला परत देऊ?"

मी पुन्हा बटाटे किसायला घेतले. आज वाटतं, तिच्या आईला एकाच माणसाचं सोंग सांभाळायचं होतं. एर्सिराला दर हिवाळ्याला नवं.

यास्ना आली तेव्हा आठ वर्षांची होती; मारिसोल तेव्हा अजून आमच्यात होती. स्वतःचे केस स्वतःच कापलेले, एका बाजूला टाळू दिसत होता. पलंगाखाली झोपायची आणि पाव उशीखाली लपवायची. बाकीच्या मावश्या रोज तिची उशी झाडून शिळे तुकडे फेकून द्यायच्या आणि रोज तिचा आकांत व्हायचा. एर्सिरानं वेगळंच केलं. तिनं शिळा तुकडा काढून त्या जागी ताजा ठेवायला सुरुवात केली.

"उंदीर पाळतेस काय?" मी म्हटलं.

"पाळते. तुला काय त्रास?"

यास्ना रोज उशी उचलून बघायची. पाव ताजाच असायचा. हळूहळू ती पलंगाखालून पलंगावर आली. मग एक दिवस उशीखाली काही ठेवायचंच विसरली. तिच्या आईचा ठावठिकाणा नव्हता आणि बाप वारला होता. भेटीच्या रविवारी तिच्यासाठी कुणी येत नसे. एर्सिरा मग आपल्या सुट्टीच्या रविवारीसुद्धा चांगला कोट घालून यायची, भेटीच्या खोलीत पाहुण्यासारखी बसायची आणि यास्नाला बोलावणं पाठवायची. पोरगीही केस विंचरून येई. समोरासमोर बसून दोघी गप्पा मारायच्या, जणू आठवडाभर भेटच झालेली नाही.

यास्ना बारा वर्षांची झाली आणि एर्सिराचं निवृत्तीचं वय जवळ आलं, तेव्हा तिनं मनातली गोष्ट बाहेर काढली. तिला यास्नाला घरी न्यायचं होतं. कायदा असा की बालगृहात नोकरी करणारीला तिथलंच मूल घरी सांभाळायला घेता येत नाही. म्हणजे कोर्टाकडे मूल मागायचं, आणि ते घरी यायच्या दिवशी नोकरी सोडायची. इतकी वर्षं सगळ्या जणी गेल्या तरी जी हलली नाही, ती आता एका पोरीसाठी निघाली होती.

"मग बाकीच्या पोरांना आम्ही काय सांगू?" मी चिमटा काढला. "एर्सिरा मावशीला कफ झाला?"

"सांगा काहीतरी," ती हसून म्हणाली. तेव्हा ती फार आनंदात होती.

तिनं यास्नाला विचारलं. दोन दिवसांनी चहाच्या टेबलावर पोरगी सगळ्यांदेखत म्हणाली, "पडदे हिरवे हवेत." एर्सिरानं हिरवे पडदे शिवले. खालच्या गल्लीत तिचं लाकडी घर आहे. तिथली मागची खोली रिकामी केली, खिडकीची फट कापसानं बुजवली, चर्चच्या जत्रेतून एक जुनं टेबल आणलं. कोर्टानं मात्र त्यांच्या पद्धतीनं नातेवाइकांचाही शोध घेतला आणि देशाच्या पार दक्षिण टोकाला, पुन्ता अरेनासला, बापाची बहीण सापडली. बेकरीत कामाला, एकटी, बरी बाई. मुलीला सांभाळायला ती तयार होती. आता जज बाई यास्नाला एकटीला आत बोलावून विचारणार होत्या की तुला कुठे राहायचंय, आणि बारा वर्षांच्या मुलीचं म्हणणं त्या डावलत नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं.

"तुला धाकधूक नाही वाटत?" मी एर्सिराला विचारलं.

"कसली? पोरगी सांगेलच की."

आता पुढची गोष्ट मला फार उशिरा कळली, पण ती घडली त्याच सुमारास, म्हणून इथेच सांगते. शाळेच्या मुलांबरोबर यास्ना बाजारात गेली होती. तिथे भाजीच्या गाळ्यावर मारिसोल उभी होती, पायात पांढरे गमबूट, हातात कोथिंबिरीची जुडी. यास्ना धावत गेली.

"मावशी, तू बरी झालीस?"

"मला काय झालं होतं?" मारिसोल म्हणाली. "मी कारखान्यात असते हल्ली. किती उंच झालीस गं!"

"आणि ते मोजे? निळे?"

"कुठले मोजे, बाळा?"

मारिसोलची काही चूक नाही. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. यास्नानं तिच्या गालाचा पापा घेतला आणि रांगेत परत आली. त्या दिवसापासून ती जरा गप्प झाली. एर्सिरा म्हणाली, "वयात येतेय." मीही हो म्हटलं.

पण ती काय हिशोब मांडत होती हे आता मला कळतं. एकूण एक मावशी आजारी पडली आणि एकही आजारी नव्हती. आजारी पडणं म्हणजे, तुझ्या तोंडावर 'तू नकोस' म्हणायला जमत नाही, म्हणून गुपचूप जाणं. ही अक्कल तिला त्या भाजीच्या गाळ्यावर आली. आणि नेमकी त्यानंतर एर्सिरा आजारी पडली.

सकाळी पावाचं पीठ मळता मळता ती टेबलावर वाकली आणि वाकलेलीच राहिली. चेहरा पिवळा पडला होता. मुलं शाळेत होती. अँब्युलन्स आली, अंकुदच्या दवाखान्यानं हात वर केले आणि तिला तसंच पलीकडे, मोठ्या बोटीतून पुएर्तो मोन्तला नेलं. पित्ताशय फुटलं होतं. ऑपरेशनच्या आधी तिनं नर्सच्या फोनवरून मला फोन केला. आवाज ओळखू येत नव्हता.

"यास्नाला सांग, मी आजारी आहे. पुएर्तो मोन्तला आहे. बरी झाले की येते."

तेच शब्द, तीच जागा. मारिसोलची तर बहीणही त्याच गावात बसवली होती तिनं.

"अगं, दुसरं काहीतरी सांग तिला," मी म्हटलं.

"दुसरं काय सांगू? खरंच आजारी आहे," ती म्हणाली आणि फोन कुणीतरी काढून घेतला.

शाळेतून पोरं आली. मी यास्नाला बाजूला घेतलं. जमेल तितकं खरं वाटावं म्हणून मी सगळं सांगितलं: पिवळा चेहरा, स्ट्रेचर, अँब्युलन्सचा ड्रायव्हर कोण होता तेसुद्धा. जितकं सांगत गेले तितकं मलाच ते रचलेलं वाटायला लागलं.

ती शांतपणे ऐकत होती. "कफ झालाय का तिला?"

"नाही गं. पित्ताशय. पोटाचं आहे."

"बरी झाली की येणार ना?"

"हो."

"बरं," ती म्हणाली. एखाद्या म्हाताऱ्या बाईनं दारावरच्या विक्रेत्याला म्हणावं तसं. आणि दप्तर घेऊन खोलीत गेली.

मी लोरेतो मॅडमकडे गेले. त्या आमच्या संचालिका, वयानं माझ्या मुलीएवढ्या, मनानं वाईट नाहीत. मी म्हटलं, "पोरीला एकदा पुएर्तो मोन्तला घेऊन जाऊ. डोळ्यांनी बघू दे."

"कोण नेणार, एदिता? दोघी जणी याच महिन्यात सोडून गेल्यात. तुम्ही गेलात तर दुपारच्या पाळीला कोण? मी तर आधीच रात्रपाळी करतेय."

"अहो, पण ती मनातून खचलीय. कळतंय मला."

"पुढच्या आठवड्यात नवीन मावशी येतेय. मग बघू."

नवीन मावशी आली नाही. तीही कारखान्यात गेली असेल, देव जाणे. इकडे एर्सिराला जंतुसंसर्ग झाला, पोट पुन्हा उघडावं लागलं, आणि ती अतिदक्षता विभागात नळ्यांच्या जंजाळात पडून राहिली. फोनवर बोलण्याची सोय नव्हती. कोर्टाची तारीख मात्र आली. जज बाईंनी यास्नाला आत बोलावलं, नेहमीप्रमाणे एकटीला. आत काय झालं ते लोरेतो मॅडमना नंतर सांगण्यात आलं. जज बाईंनी विचारलं, "एर्सिरा मावशींकडे राहायचंय असं तू म्हणाली होतीस ना?" त्यावर यास्ना म्हणाली, "त्या परत येणार नाहीत. त्यांना माझ्यामुळे अडचण होऊ नये. मी आत्याकडे जाते."

जज बाईंना त्यात काही खटकलं नाही. मुलगी शहाण्यासारखी बोलत होती, आत्या रक्ताची होती, कायदाही नात्याला झुकतं माप देतो. हुकूम निघाला.

आत्या तिला न्यायला आली त्या दिवशी माझी पाळी होती. यास्नानं खोली आवरली होती. सगळे मोजे, निळे, तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांचे, जोड्या लावून एका पिशवीत भरले होते. पिशवी तिनं माझ्या हातात दिली.

"हे बारक्यांना दे, मावशी. कुणीतरी पाठवले म्हणून सांगशीलच."

मला चपराक बसल्यासारखं झालं. "हे काय बोलणं?"

मग तिनं बाजारातली गोष्ट सांगितली. रडत नव्हती. मीच रडायला लागले. मी तिचे दोन्ही खांदे धरले आणि ओरडले, "अगं ती खरंच आजारी आहे! पोट फाडलंय तिचं दोनदा! देवाशपथ!"

"बरं," ती म्हणाली.

दारात आत्या कोट घालून उभी होती, बिचारी अवघडून गेली होती. तिनं यास्नाचा हात धरला नाही, फक्त बॅग घेतली. मला त्या बाईचा राग करता आला असता तर बरं झालं असतं, पण तीही तिच्या परीनं चांगलंच वागत होती. मी पुन्हा लोरेतो मॅडमकडे धावले. त्या म्हणाल्या, आता हुकूम झालाय, मुलीनं स्वतः सांगितलंय, आता परत तिला ओढाओढ करायची का? मला खूप काही म्हणायचं होतं. पण मागे स्वयंपाकघरात दूध उतू जात होतं आणि बघायला दुसरं कुणी नव्हतं.

एर्सिराला डॉक्टरांनी सोडलं तेव्हा मी तिला आणायला गेले. दवाखान्यात तिच्याजवळ राहिलेल्या तिच्या बहिणीनं आणि लोरेतो मॅडमनी ठरवलं होतं की तिला ताकद येईपर्यंत काही सांगायचं नाही. फोनवर तिला सांगितलं जायचं की यास्ना छान आहे, शाळेत जातेय, तुमची आठवण काढते. एर्सिरानं सगळं खरं मानलं. इतकी वर्षं जिनं हाच धंदा केला तिला ते ओळखू आलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

बोटीवर आम्ही आत काचेमागे बसलो. ती अर्धी झाली होती, कोट अंगावर लोंबत होता. मी थर्मासमधलं पाणी ओतून माते नावाचा आमचा कडू चहा तयार केला आणि तिच्या हातात दिला. तिनं एक घोट घेतला आणि पहिलंच वाक्य, "पोरगी उंच झाली असेल. पडदे बघून आली का घरी?"

गोड बोलणं मला येत नाही आणि त्या दिवशी यायला नको होतं. मी सांगितलं. "ती पुन्ता अरेनासला गेली. आत्याकडे."

"कुणी पाठवलं?"

"ती स्वतः म्हणाली कोर्टात. तू परत येणार नाहीस म्हणाली."

"अगं, पण मी निरोप दिला होता ना तुला! आजारी आहे म्हणून!"

"दिला मी तो. तिनं ऐकला." आणि मग मारिसोल, गमबूट, निळे मोजे, सगळं सांगून टाकलं.

तिनं तोंड खिडकीकडे वळवलं. बाहेर नुसतं धुकं होतं. मग म्हणाली, "मला वाटलं होतं, कळेल तेव्हा मोठी झालेली असेल."

"झाली होती," मी म्हटलं. हे बोलायला नको होतं, पण बोलले.

घरी गेल्यावर ती त्या मागच्या खोलीत गेली नाही. मीच जाऊन दार ओढून घेतलं. पुढे काही दिवस ती फक्त एकच गोष्ट मागत होती: पोरीशी एकदा बोलायचंय. आत्यानं आडकाठी केली नाही. बालगृहाच्या भेटीच्या खोलीतून रविवारी व्हिडिओवर बोलायचं ठरलं. एर्सिरा चांगला कोट घालून आली. आजारपणाची रजा अजून संपली नव्हती. बारकी पोरं तिला बिलगली आणि मी त्यांना पोटापासून लांब ठेवत होते.

फोन लागला. यास्नाचा चेहरा आला. केस नीट कापलेले, मागे बेकरीचं कॅलेंडर.

"कशी आहेस गं?" एर्सिरा म्हणाली.

"बरी आहे. तू?"

"मी आजारी होते."

यास्नाच्या तोंडावर तोच शहाणा, सभ्य भाव होता. एर्सिरानं फोन माझ्या हातात दिला, "धर," म्हणाली, उभी राहिली, कोटाची बटणं काढली, स्वेटर वर केला, आतला सदरा वर केला आणि पट्टी सोडवली. छातीच्या खालून बेंबीच्या पलीकडेपर्यंत जखम होती, लाल, फुगीर, दोनदा शिवलेली, एका टोकाला अजून ओली. मी इतके दिवस तिच्याबरोबर होते, मीही ती पाहिली नव्हती.

"जवळ आण," यास्नाचा आवाज आला. मी जवळ नेला. तिनं खूप वेळ बघितलं. मग तिनं दोन्ही हात तोंडावर घेतले.

"दुखतं का गं, मावशी?"

एर्सिराला मी ओळखते. पायावर उकळतं सूप सांडलं तेव्हा 'मीठ कमी होतं का' विचारणारी ती बाई. तिनं सदरा खाली केला, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "हो. फार दुखतं."

यास्ना आता रडत होती, लहान पोरासारखी, नाक वाहेपर्यंत. "मी त्यांना सांगितलं की तू येणार नाहीस. मीच सांगितलं. आता मी काय करू?"

पडद्याच्या कडेला आत्याचा खांदा दिसत होता. ती बाई हलली नाही, पण ऐकत होती.

"आत्या चांगली आहे का?"

"हो."

"शाळा?"

"चांगली आहे. एक मैत्रीण आहे." ती हुंदके देत होती. "पण मला घरी यायचंय."

एर्सिरानं डोळे मिटले. आता ती 'ये' म्हणेल असं मला वाटलं. माझ्या मनात तर मी कोर्टाच्या पायऱ्या चढायलाही लागले होते. पण तिला आता एक घागरसुद्धा उचलता येत नव्हती, तिसऱ्यांदा पोट उघडावं लागेल की नाही हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं, आणि पोरीनं आणखी एकदा बॅग भरायची म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार.

"तिथेच राहा, बाळा," ती म्हणाली. "तिथे तुला सांभाळायला धडधाकट माणूस आहे."

"मग तू येशील इकडे? भेटायला? सांग ना, कधी येशील?"

पुन्ता अरेनास म्हणजे शेजारच्या देशातून वळसा घालणारी बस, दिवस न् रात्र. तरी इतकी वर्षं या प्रश्नाचं उत्तर एर्सिराच्या जिभेवर तयार असायचं, दुसऱ्यांच्या वतीनं सुद्धा. तिनं तोंड उघडलं. ते शब्द येताना मला दिसले, आणि ती ते गिळतानाही दिसली.

"माहीत नाही," ती म्हणाली. "येता येईल की नाही, मला माहीत नाही."

यास्नानं बाहीला नाक पुसलं आणि मान हलवली. हे तिनं लगेच खरं मानलं.